बाहेर पडायचं बटण

त्या उन्हाळ्यात आईची पक्की समजूत झाली होती की मी तिला न सांगता स्वतःसाठी स्थळं बघतेय. तिचं काही चुकलं नव्हतं. मला फोनवर हळू बोलता येत नाही, आणि आमच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. पडद्याच्या पलीकडं आई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होती आणि अलीकडं मी फेऱ्या मारत माझ्या मैत्रिणीला सांगत होते, "पहिलं मोठ्या घरचं आहे गं, पण आपल्याला झेपायचं नाही. त्याच्यामागं लवाजमा फार. दुसरं दिसायला एकदम छान, आणि चटपटीत. तिसरं जरा वयस्कर वाटतं, पण मोकळं आहे. काही लपवून ठेवत नाही."

कैऱ्या फोडायचा आवाज थांबला. मी फोन ठेवला तर आई पडदा धरून उभी. "तिसरं कुठलं हाय?" तिनं विचारलं.

"परदेशातलं," मी म्हणाले.

तिचा चेहराच पडला. "मग नको बाई. लय लांब पडतंय. मोकळं हाय म्हणालीस पण..."

मी हसता हसता खाली बसले. तिला समजावून सांगितलं की हे सॉफ्टवेअर आहे, नवरा नाही, तेव्हा ती "हात मेली" म्हणून परत कैऱ्यांकडं गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. एवढी आशा लावून कोणी तिच्यावर असं पाणी फिरवतं का, हा तिचा मुद्दा होता.

पण खरं सांगायचं तर ते काम माझ्यासाठी सोयरिकीइतकंच मोठं होतं. मी बरीच वर्षं पुण्यात नोकरी करून आदल्या वर्षी परभणीला परत आले होते. माझी कॉलेजातली मैत्रीण पिंगळीची. ती रोज स्कूटीवर परभणीला यायची, आणि आम्ही दोघींनी वसमत रोडला एका खताच्या दुकानाच्या वरची खोली घेऊन कामं सुरू केली होती. छोटी छोटी कामं. कुणाच्या क्लासची वेबसाइट, कुणाच्या दवाखान्याची. त्यावर दोघींचं भागत नव्हतं. पुण्याच्या जुन्या कंपनीनं निरोप पाठवला होता की जागा आहे, यायचं तर या, पण लवकर कळवा. मी ठरवलं होतं की झरीकडच्या शेतकऱ्यांच्या गटाचं काम उभं राहिलं तर मी इथं राहणार, नाही राहिलं तर बॅग भरायची. मला राहायचं होतं. हे मी मैत्रिणीला सांगितलं होतं. आईला पुण्याचा निरोप सांगितला तेव्हा ती फक्त "तुझं तू बघ" म्हणाली. त्याचा मला थोडा रागच आला होता.

काम असं होतं. गटाकडं पेरणी यंत्र होतं, मळणी यंत्र होतं, बियाण्याचा साठा होता. कोणाला यंत्र कधी पाहिजे, बियाणं कोणतं शिल्लक आहे, बैठक कधी आहे, हे सगळं मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये चालायचं. तिथं शुभ सकाळच्या गुलाबांखाली मळणी यंत्र गाडलं जायचं. त्यांना पोर्टल पाहिजे होतं. म्हणजे एकच दार, आत गेलं की सगळं जागच्या जागी. असं दार पहिल्यापासून घडवत बसायची गरज नसते. जगभरचे लोक अशी सॉफ्टवेअरं तयार करून उघडी ठेवतात. त्यातलं एखादं घ्यायचं, आपल्या मापानं बदलायचं. त्यालाच ओपन सोर्स म्हणतात. अवघड असतं ते निवडणं, कारण एकदा निवडलं की वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर नांदावं लागतं. आईचा गैरसमज अगदीच बिनबुडाचा नव्हता.

गटाचे अध्यक्ष आमच्या खोलीवर पहिल्यांदा आले तेव्हा जिना चढून दमले होते आणि आधीच चिडलेले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. राग नाकावर, पण उतरायलाही वेळ लागत नसे. आम्ही ओपन सोर्सचं सांगितलं तर म्हणाले, "फुकट कामून देतेत पण ते? त्यांचा काय फायदा?"

मी परवाना, हक्क, जबाबदारी असं सुरू केलं. मैत्रिणीनं फळ्यावर चौकोन काढायला घेतले. काकांनी हात वर केला.

"थांब माय. म्हणजे घरचं बियाणं. पेरा, राखा, पुढल्या साली शेजाऱ्याला द्या, कोणी विचारणार न्हाई. आन् पाकिटातलं आसलं की दरसाली दुकानाच्या पायऱ्या."

"अगदी तसंच, काका."

"मंग घरचंच बगा. पण उगवण तपासून घ्या. घरचं हाय म्हणून बिलकुल भरवसा ठेवू नका."

आमच्याकडं पेरणीच्या आधी बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवतात ते बघतात. हा शब्द आम्हाला इतका आवडला की त्यानंतर दोघी त्या कामाला उगवणच म्हणायला लागलो. "आज कशाची उगवण बघायची?" असं मैत्रीण स्कूटी लावता लावता विचारायची. सॉफ्टवेअरची उगवण बघायची म्हणजे ते नुसतं चालवून बघायचं नाही. ते बनवणाऱ्यांना प्रश्न विचारायचा आणि काय होतं ते बघायचं. दिसणं कुणीही सजवतं. अडल्यावर उत्तर येतं का आणि कसं येतं, यावर पुढची वर्षं अवलंबून असतात.

आम्ही तिन्ही सॉफ्टवेअरवाल्यांना एकच प्रश्न पाठवला, की आमच्याकडं शेतात नेट धड नसतं, तुमचं चालेल का. पहिल्याकडून मोठमोठ्या कागदपत्रांच्या लिंक आल्या, वाचता वाचता खरीप निघून गेला असता. दुसऱ्याकडून लगेच उत्तर आलं, मुद्देसूद आणि शेवटी हसरा चेहरा. तिसऱ्याकडून बराच वेळ काहीच नाही. मग कुठल्यातरी थंड देशातल्या एका गृहस्थांनी लिहिलं की चालायला पाहिजे, पण खात्री नाही, करून बघू. शिवाय परभणी कुठं आहे आणि तिथं गरम किती होतं, हेही विचारलं होतं. मी लिहिलं, सध्या नळाच्या पाण्यानं चहा होईल इतकं.

दुसरं ठरलं. मैत्रीण त्याच्या रूपावर भाळली होती आणि मी त्याच्या चटपटीतपणावर. शिवाय त्यात मराठी आयती होती. गटाची सगळी माहिती भरून आम्ही काकांना बोलावलं. चार दिवसांनी गटाची वार्षिक सभा होती. सभासदांनी होकार दिला तरच काम पुढं जाणार होतं, म्हणून काकांना आधी दाखवायचं होतं.

त्या महिन्यात गटात थोडी कुजबुज चालली होती. काही लोक म्हणत होते की काकांनी लय दिवस खुर्ची सांभाळली, आता दुसऱ्याला बसू द्या. आम्हाला हे ऐकून माहीत होतं, पण पोर्टलचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटत होतं.

काकांनी चष्मा लावला. लॅपटॉपच्या पडद्याजवळ तोंड नेलं. वरच्या कोपऱ्यात त्यांचं संपूर्ण नाव आलं होतं, वडिलांच्या नावासकट. ते बघून खूश झाले. मग नजर एक ओळ खाली गेली.

"हे कोणी लिव्हलं?"

"काय, काका?"

"हे. मपलं नाव, आन् खाली लगेच 'बाहेर पडा'."

मी म्हणाले, "ते बटण आहे काका. आपलं काम झालं की त्याच्यावर—"

"काम झालं की बाहेर पडा! त्ये लोकं बी ह्येच म्हणायलेत की! तुमाला कोणी येऊन सांगितलं का हे लिव्हायला? खरं सांगा."

मैत्रिणीला हसू आवरेना म्हणून ती पाण्याचा जार हलवायला गेली. मला मात्र राग आला. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणाले, "काका, आम्ही लिहिलेलं नाही हे. जगभर असंच असतं."

"जगभर आसंल. आमच्यात न्हाई चालायचं. सभेत पडद्यावर हे एवढं मोठं दिसलं तर आर्धी सभा टाळ्या वाजवील. मी मंजुरी मागायला उभा राहू का राजीनामा द्यायला?"

ते उठले. चहा तसाच ठेवला. चपला घातल्या, दार उघडलं, आणि चेहऱ्यावर तोच राग ठेवून मागं वळले. "बरं, येतो," म्हणाले.

"या काका," माझ्या तोंडून आपोआप गेलं.

ते धाड धाड जिना उतरले. मी तशीच उभी. एवढा चिडलेला माणूस, पण जाताना "जातो" म्हणाला नाही. "बाहेर पडतो" तर नाहीच नाही. आपल्याकडं भांडून निघालेला माणूससुद्धा "येतो" म्हणून निघतो. आणि आम्ही त्याला, त्याच्याच गटाच्या दारात, त्याचं नाव घेऊन बाहेर पडा म्हणत होतो. मला त्यांचा राग एकदम पटला.

लगेच तो शब्द बदलायला बसलो. कोड उघडा होता, त्यामुळं बदलता येत होताच. पण ते मराठी शब्द आत इतक्या ठिकाणी विखुरले होते की एक ओढला की दुसरा तुटायचा. आणि नवी आवृत्ती आली की आमचे शब्द पुसून "बाहेर पडा" परत हजर झालं असतं. बनवणाऱ्यांना लिहिलं. लगेच उत्तर आलं. भाषेतले शब्द आमची टीम ठरवते, तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. शेवटी हसरा चेहरा. नोंद घेतली म्हणजे काय, हे सरकारी कचेरीचा जिना चढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढचं दार उघडं ठेवून मागल्या दाराला कुलूप घातलेलं घर होतं ते.

"आपण उगवण चुकीची बघितली," मैत्रीण म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची बाजू सोडली.

तिसरं उघडलं. त्याचं रूप म्हणजे बँकेतल्या जुन्या कॉम्प्युटरसारखं. पण त्याचे सगळे शब्द एकाच साध्या फाइलमध्ये होते. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं आपली भाषा. मराठी कुणीतरी अर्धी करून सोडून दिली होती, आणि तीही अशी की "सत्र समाप्त करा". आम्ही ती रिकामी उजवी बाजू बघितली आणि आनंदानं बाह्याच सरसावल्या. एखाद्या सॉफ्टवेअरला कसं बोलायचं ते शिकवायला मिळणं, हे सुख मला पुण्यात कधी मिळालं नव्हतं. तिथं आम्ही बटणांचे रंग ठरवायलासुद्धा बैठका घ्यायचो.

आत यायच्या बटणावर लिहिलं, "या". बाहेर जायच्या बटणावर, "येतो".

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा लॅपटॉप आईपुढं ठेवला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली, तरी पुढ्यात मराठी आली की हात लाल पेन शोधतो. तिनं सगळं सावकाश वाचलं. "यंत्र पाहिजे" आवडलं. "बियाणं बघा" आवडलं. "येतो"वर बोट ठेवलं.

"आणि बायकांनी काय म्हणायचं? का बायका सभासद नाहीत?"

होत्या की. बऱ्याच होत्या, आणि सभेत त्याच जास्त बोलायच्या. मी म्हणाले, "येतो, तिरकी रेघ, येते."

"शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखं दिसायलंय ते."

मी वैतागले. माझा वैताग आईला ओळखीचा आहे, ती शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत बसली. हात धुतले, लॅपटॉप उचलला, चप्पल पायात सरकवली आणि रोजच्यासारखं म्हणाले, "चल, येऊ का?"

"ये," आई म्हणाली. मग लगेच, "हे बघ. आता काय म्हणालीस?"

येऊ का. बाईही म्हणते, माणूसही म्हणतो. परवानगी मागून निघणं, आणि निघताना परत यायचं बोलणं. मी तिथंच उंबऱ्यात बसून फाइलमध्ये तो शब्द घातला. आईनं मागून वाकून प्रश्नचिन्ह टाकलंय का ते तपासलं.

ते शब्द आम्ही तिसऱ्याच्या लोकांना पाठवून दिले, म्हणजे जगात कुणीही मराठी निवडली तर त्याला हेच दिसावं. थंड देशातल्या गृहस्थांचा प्रश्न आला. कॉम्प्युटरकडून भाषांतर करून बघितलं, तर बाहेर जायच्या बटणावर "मी आत येऊ शकतो का" असं काहीसं दिसतंय, चूक तर नाही ना? मी त्यांना चांगलं लांबलचक लिहिलं. आमच्याकडं घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही, तसं म्हटलं तर घरातली माणसं दचकतात. निघणारा यायचं विचारतो आणि राहणारा ये म्हणतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की चूक नाही, शब्द ठेवला आहे, आणि सकाळी कामाला निघताना त्यांनी बायकोला असंच म्हणून बघितलं, तिला फार आवडलं. हसरा चेहरा नव्हता. आम्हीच हसत होतो.

सभा गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये होती. दुपारची वेळ, पंखे गरम हवाच फिरवत होते, प्रोजेक्टरसाठी भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. सकाळीच पुण्याहून फोन आला होता की आज सांगून टाका. संध्याकाळी सांगते म्हणाले. काका अजून घुश्शातच होते. बदललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. "काय दाखवायचं ते दाखवा, मी काही बोलणार न्हाई," एवढंच म्हणून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मैत्रिणीनं हळदीची शेती करणाऱ्या एका सभासद बाईंना पुढं बोलावलं. खुर्ची बदला म्हणणाऱ्यांत या बाई सगळ्यात पुढं होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर बोलावलं नसतं. त्यांनी पदर खोचला, लॅपटॉपवर एका बोटानं हळूहळू मळणी यंत्र मागितलं. यंत्र मिळाल्याचं चादरीवर दिसलं. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "झालं की. आता हे मिटवायचं कसं?"

"वर कोपऱ्यात बघा, मावशी."

बाईंनी डोळे बारीक करून मोठ्यानं वाचलं, "येऊ का?" आणि दाबलं.

चादरीवरचं चित्र बदललं. पुन्हा सुरुवातीचं पान आलं, आणि त्यावर मधोमध आत यायचं बटण. एकच शब्द, "या".

हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. दोन बटणं दोन पानांवर होती, त्यांचा एकमेकांशी संवाद होईल हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळा हॉल हसला. बाई चादरीकडं बघून म्हणाल्या, "रीतीचं हाय गं माय हे. लय चांगलं बोलायलंय." आणि परत एकदा दाबू द्या म्हणायला लागल्या.

काका उठले. मला वाटलं, संपलं. तर ते सभेकडं तोंड करून म्हणाले, "बायांसंगं गोड बोलायलंय हे. मला म्हणीत होतं बाहेर पडा! नाव घेऊन!"

मागून कोणीतरी ओरडलं, "ते बी खरंच होतं की काका!"

एक क्षण काकांचं नाक लाल झालं. मग ते स्वतःच हसले, एवढे हसले की टोपी काढून हातात घ्यावी लागली. त्या हसण्यातच सगळ्यांचे हात वर गेले. खुर्चीचं काय व्हायचं ते पुढं झालं, पण पोर्टल त्या दिवशी ठरलं.

शाळेच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी राहून मी पुण्याला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. मैत्रीण शेजारी उभी राहून काही ऐकत नसल्याचं दाखवत होती. फोन ठेवल्यावर तिनं मला एक धपाटा घातला आणि मग मिठी मारली.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आई लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होती. मी सभेचं सगळं सांगितलं, बाईंचं, काकांचं, आणि शेवटी पुण्याचं. ती गाठ मारत राहिली. इतक्या दिवसांचा माझा राग तेव्हा बाहेर आला. म्हणाले, "तू मला एकदासुद्धा राहा म्हणाली नाहीस. मी तिकडं इतकी वर्षं होते, एकदा तरी म्हणायचं होतंस की परत ये."

आईनं बरणी फळीवर ठेवली. हात पदराला पुसले.

"कामून? दरवेळेस तर म्हणायचे की."

मला समजेना. मग स्टेशन आठवलं. दर सुट्टी संपली की मी डब्याच्या दारात उभी, आई फलाटावर, गाडी हलायच्या बेतात. मी विचारायचे, येऊ का? आणि आई म्हणायची, ये. मला वाटायचं ती मला जायची परवानगी देतेय. ती मला जा असं कधी म्हणालीच नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही.

"एवढं बटणावर लिहिलंस," आई म्हणाली, "आणि तुला आता ऐकू आलं होय?"